सातव्या दिवसाची प्रार्थना

दिंदानं माशाचा तुकडा बोटांनी चाचपून काटा काढला, मॅनिऑक कंदाच्या पिठात घोळवला आणि उभ्याउभ्याच रायसाच्या तोंडात घास घातला.

"चाव नीट. आता सांग."

"उच्चाटन," रायसा भरल्या तोंडानं म्हणाली. उद्या तेरा मे. देशातली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली तो दिवस. बाईंनी प्रत्येकाला त्या शब्दाचा अर्थ आणि एक वाक्य तयार करून आणायला सांगितलं होतं. "आजीनं माझ्या चॉकलेटचं उच्चाटन केलं!"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या आजी, दोना नोएमिया, खळखळून हसल्या. "केलंच. दात किडलेत ना, भवाने."

"चॉकलेटचं होत नाही गं," रायसाची आई एदिलेने म्हणाली. मुलीच्या घशाकडे तिचं लक्ष होतं. गेल्या महिन्यात काटा अडकला होता. "एखादी वाईट पद्धत कायमची बंद करायची, त्याला म्हणतात."

"बंद केल्यावर ती पद्धत कुठे जाते?"

एदिलेनेनं पाण्याचा पेला मुलीकडे सरकवला. तिच्या शिक्षणशास्त्राच्या पदवीत याचं उत्तर असायला हवं होतं.

दिंदाचं खरं नाव वाल्देलिसे. रायसाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ती मुलीची धर्ममाता, म्हणजे दिंदा, झाली, तेव्हापासून सगळेच तिला दिंदा म्हणत. नऊ वर्षांची असताना तिला मारागोजिपे गावाहून या घरात आणलं ते छोट्या नोएमियाबरोबर खेळायला म्हणून. खेळ कधी संपला ते तिला कुणी सांगितलं नाही. ती आता साठीच्या पुढे होती आणि सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून जेवत होती.

गेल्या आठवड्यात तिची बहीण झुल्मिरा मारागोजिपेत वारली. इकडची रीत अशी की मेलेल्याला दुसऱ्याच दिवशी पुरतात; आणि त्या दिवशी घरी पाहुणे होते, म्हणून तिला थांबावं लागलं. दिंदा भाताकडे बघत "बरं" म्हणाली होती. नंतर रडलीही नाही. उद्या तिच्यासाठी सातव्या दिवसाची प्रार्थना होती, सकाळी दहाला, तिथल्या चर्चमध्ये. हा दिवस पुढे ढकलता येत नाही. परवा कपडे वाळत घालताना तिनं एदिलेनेला एवढंच विचारलं होतं, "मंगळवारी बस असते ना गं, पोरी?"

आणि मंगळवारीच एदिलेनेचा नोकरीचा पहिला दिवस. नदीपलीकडच्या बालवाडीत, सहा वर्षांनी मिळालेली. नवरा समुद्रात तेलविहिरीवर कामाला. रायसाची शाळा बाराला सुटते.

"दिंदाला उद्या जायचंय," एदिलेने म्हणाली. अपेक्षेपेक्षा जरा मोठ्यानं.

दोना नोएमियांनी काटा-चमचा खाली ठेवला. "मग जावं की! कोण अडवतंय? दार उघडंच असतं. घरचीच ना ती?" मग दिंदाकडे वळून, "अगं, मला का नाही बोललीस? बोलायला काय पैसे पडतात?"

"झालं आता बोलून," दिंदा म्हणाली.

"फक्त दुपारचं तेवढं बघ. या गुडघ्यांनी मला शाळेपर्यंत चालवत नाही आणि सूनबाई निघाल्या कामावर."

रायसा पायानं खुर्ची बडवत राहिली. दिंदानं ताट उचललं, काटे एका कडेला केले आणि नळ सोडला. तिची पाठ रोजच्यासारखीच होती. एदिलेनेला वाटलं, आपण गप्प बसलो तर ही असंच भांडं घासत राहील, आणि उद्या दहा वाजता घड्याळाकडेसुद्धा बघणार नाही.

"मी थांबते," ती म्हणाली.

दोना नोएमिया सुनेकडे बघत राहिल्या. "पहिल्याच दिवशी? छान. ठेवतील बरं तुला."

अंगणात जाऊन एदिलेनेनं बालवाडीच्या बाईंना फोन लावला. मुलगी आजारी आहे, असं खोटं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "उद्याचा दिवस घ्या. परवा नाही आलात तर दुसरं कुणी बघू."

सकाळी दिंदा पांढऱ्या झग्यात खाली आली. केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. हा झगा एदिलेनेनं आधी पाहिलेला नव्हता. दोना नोएमियांनी खोलीतूनच हाक मारली, "झुल्मिरासाठी माझीही एक मेणबत्ती लाव गं!"

"लावते."

रायसाला शाळेत पोचवायचं म्हणून तिघी एकत्रच निघाल्या. वाटेत दिंदानं मुलीच्या बुटाची नाडी बांधली, नाक पुसलं. बहिणीबद्दल ती काही बोलली नाही. एदिलेनेनं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा दिंदा म्हणाली, "बघ, गाडी येतेय, कडेला हो."

बस उभीच होती. दिंदा खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. एदिलेने खिडकीखाली उभी राहिली. ती खिडकी एवढी उंच होती की तिला मान वर करावी लागली. उद्या सकाळी सातला निघायचं. रायसाची वेणी, डबा, शाळा, दुपार.

"दिंदा, संध्याकाळपर्यंत येशील ना?"

दिंदानं खाली पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. भाजी घेताना भाव विचारावा तसं ती म्हणाली,

"विचारतेस की सांगतेस, पोरी?"

एदिलेनेनं तोंड उघडलं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, खिडकीची काच थरथरू लागली. ती काहीतरी बोलली. काय, ते तिलाही ऐकू आलं नाही. दिंदानं मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळायच्या आत बस वळली.

"आई, चल ना, उशीर होतोय," रायसा तिचा हात ओढत म्हणाली.

एदिलेने हलली नाही. बस पुलाच्या दिशेनं दिसेनाशी झाली तरी ती त्याच जागी उभी होती, आणि तिच्या मनात एवढंच चाललं होतं की उद्या मुलीला शाळेतून कोण आणणार.