‘काजळी’ची संथ चाल

या, सतरंजीवर जरा जवळ सरकून बसा. ज्यांच्या नावाचा जयजयकार कधी झाला नाही, अशा एका बँडचं आख्यान आज लावू या.

भिंगारच्या माळावर चैत्रातली सांज उतरत होती. हळदवर्णी, धूलिगंधी, संशयी सांज. कडुनिंबाची सावली रूथच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. तशीच थबकली शलोमी, योहान उजागरेची लेक.

रूथ ही एकेकाळी ‘काजळी’ बँडची बेसवादक; खर्जातली, जाड तारांची गिटार तिची. ऐंशीच्या दशकात, नगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चौघांनी विलायती रॉकचा पोस्ट-पंक नावाचा प्रकार मांडला: भस्मवर्णी, वज्रकठोर, करुणगंभीर. गिटार नुसती कण्हायची. गायचा तो बेस. कार्यक्रम थोडे, ऐकणारे त्याहून थोडे. मागे उरली एकच कॅसेट, आणि तीही एक दिवस नाहीशी झाली.

“तूच दडवलीस,” रूथ ड्रमर योहानला म्हणाली. तो उठून गेला. ‘काजळी’ विझली.

आता योहान देवाघरी होता, आणि त्याची लेक दारात.

“मावशी, तुमच्या बँडचं ‘चुन्याचा चंद्र’ हे गाणं लोकांपुढं वाजवायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच.”

“नाक बापाचं आणलंस. हातही त्याच्यासारखेच लांब का गं? गाणं कुठून मिळालं?”

“बाबांकडून.”

रूथच्या मनात संशयानं फणा काढला. रेकॉर्डिंगच्या वेळी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते, त्यामुळे फीत हळू फिरली होती. मग विजेवर लावलं की कॅसेटमधलं गाणं धापा टाकत पळायचं. मूळ चाल मात्र संथ. घरात कॅसेट असली, तर पोर तिच्यासारखंच पळवत वाजवणार!

“वाजव,” तिनं कोपऱ्यातला बेस पुढं केला.

शलोमीनं तार छेडली. सूर आला संथ; मेघमंद्र, अश्रुभारला, दोन ठोक्यांमध्ये अख्खी सांज मावावी इतका संथ.

रूथ पुढं झुकली. “कॅसेट... ऐकली नाहीस तू?”

“घरात कॅसेट कधी नव्हतीच. बाबा जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायचे, तुमचा बेस गुणगुणायचे. मी घाई केली की म्हणायचे, रूथचं आहे ते, हळू.”

उंबऱ्यावरची सावली आत आली. रूथनं मांडणीवरचं ताट काढलं, मांडीवर घेतलं. बोटांनी कड चाचपली, मग ठोका सापडला. योहानचा ठोका.

माळावर चंद्र चढला; चुन्यासारखा पांढरा, हळू, अगदी हळू.

आणि मायबापहो, उद्या जेवताना ताटावर सहज बोट वाजलं, तर क्षणभर थांबा. योहान उजागरेची आठवण करा.