जांभूळडोहाला दोघंच

शेगावात प्रेमानंद गुरुजींना न ओळखणारा माणूस विरळा, आणि त्यांची वही न पाहिलेला तर त्याहून विरळा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं गुरुजी त्या वहीत जागा लिहीत होते. हिवाळ्यात जाण्यासारख्या, घरापासून दोन तासांच्या आतल्या, आणि ज्यांचं नाव सहसा कोणी घेत नाही अशा. कुठे बोथ्याच्या घाटातलं एखादं वळण, कुठे नळगंगेच्या काठची दाट चिंच, कुठे जंगलाला लागून असलेला पाझर तलाव. एकोणचाळीस जागा झाल्या होत्या. त्यातल्या किती गुरुजींनी पाहिल्या, हे मात्र विचारू नका. थंडी पडली की सर्दीची भीती, थंडी ओसरली की आता काय मजा राहिली. अशातच चार हिवाळे गेले.

यंदा मात्र गुरुजींना कुठेतरी जाणं भागच होतं, आणि त्याला कारण त्यांचीच जीभ.

झालं असं, की ऑगस्टात पुण्याहून समताचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा, फोन आला. बाळ लहान, डिसेंबरात तिला परत कामावर जायचं, तर आईला सहा महिन्यांसाठी पाठवा म्हणाली. 'आईला' म्हणाली. 'तुम्ही दोघं या' असं म्हणायचं त्या पोरीला सुचलं नाही, किंवा बाबांचं नाव वेगळं घ्यावं लागतं हे तिच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन ठेवल्या ठेवल्या ते बायकोला म्हणाले, जाय तू, माझं काही अडत नाही; आन् तिथं दोन खोल्यांत मले तरी कुठं जागा हाय! सुवर्णाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बरं म्हटलं आणि उठून आत गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं तिकीट निघालं. एकच.

तेव्हापासून ते वाक्य गुरुजींच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. गिळवेना आणि ओकवेनाही. सुवर्णाबाई विहारातल्या महिला मंडळाला गेल्या, की पंधरा मिनिटांत गुरुजी दारात. अर्ध्या तासात रस्त्यावर. आणि त्या परत आल्या की पेपरात डोकं घालून, आलीस का, एवढंच. आता येत्या बुधवारी पुण्याची गाडी होती. त्याआधी ते वाक्य परत घ्यायचं होतं. पण घरात घेणार कसं? त्यांच्या गल्लीत दिवसा दार लावायची रीतच नाही. कोणी विरजण मागायला येतं, कोणी नुसतंच बसायला येतं. हजार पोरांसमोर चाळीस वर्षं बोललेला माणूस, पण बायकोला दोन शब्द सांगायला त्याला रान गाठावं लागलं.

म्हणून जागा क्रमांक बावीस. जांभूळडोह. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे एक ओढा खडकातून उतरून डोहात पडतो. जुन्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली जागा. रविवारी सकाळी निघायचं, दोघांनीच. कोणाला सांगायचं नाही, असं गुरुजींनी स्वतःला बजावलं.

आणि शुक्रवारी दळण आणायला गेले तेव्हा गिरणीवाल्या ज्ञानेश्वरला सांगून आले.

आता ज्ञानेश्वर म्हणजे तोंडात तीळ न भिजणारा माणूस. आणि त्या गल्लीचा कायदा असा, की कोणाची गाडी रानाकडे निघाली तर गल्लीला सोबत घ्यायचं, तिथे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि पंगत बसवायची. न विचारता जो जातो, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत टोमणे ऐकावे लागतात. गुरुजींना घरी येईपर्यंत चूक कळली होती. शनिवारभर कोणी काही बोललं नाही, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

रविवारी धुकं होतं. माकडटोपी, मफलर आणि दोन स्वेटर अशा बंदोबस्तात गुरुजींनी गाडी काढली. सुवर्णाबाईंनी मागे एक पिशवी ठेवली, तिच्या वजनाने सीट दबली; गुरुजींनी विचारलं नाही. वरवट बकाल मागे पडलं, शेंगांनी लगडलेल्या तुरी दिसू लागल्या, सोनाळ्याजवळ संत्र्यांचे बगिचे आले. गुरुजी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. एकदा जुळलं आणि त्यांनी घसा साफ केला, तर सुवर्णाबाई म्हणाल्या की बीपीच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. दुसऱ्यांदा जुळलं तेव्हा गॅसचा नंबर लावायचं निघालं. तिसऱ्यांदा गुरुजींनी तोंड उघडलं, तेव्हा गरम बनियन कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहेत ते त्यांना कळलं.

जागा मात्र खरंच पाहण्यासारखी होती. ओढ्याचं पाणी हिरवं, थंड, खडकावर कोवळं ऊन. माणूस नाही, माणसाचा आवाज नाही. गुरुजींनी मफलर सोडला, टोपी काढली, केस नीट केले आणि म्हणाले, "सुवर्णा, मले तुले एक सांगायचं हाय."

तेवढ्यात छोटा हत्ती आला.

धूळ उडवत तो टेम्पो आला, त्यात अकरा माणसं. पुढे उत्तमराव, गुरुजींचे शेजारी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. उतरता उतरता जुन्या सवयीने त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. मागे त्यांची बायको विमलबाई, समोरच्या घरातल्या सत्यभामाबाई, गोवऱ्यांचं पोतं, वांग्यांची टोपली, पाण्याच्या कॅना. आणि पिठाच्या डब्यावर बसलेला ज्ञानेश्वर. गुरुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पोत्याआड उतरला.

पुढचे दोन तास गुरुजींचे नुसते हाल. ते सुवर्णाबाईंना पाणी दाखवायला बोलवायचे, तर त्यांच्यासोबत चार जण पाणी पाहायला यायचे. झाड दाखवायला नेलं, तर उत्तमरावांनी झाडाखाली बसून बदलीच्या गोष्टी काढल्या. शेवटी गुरुजी तोंड पाडून आराजवळ येऊन बसले. आपलीच चूक, कोणावर राग काढणार?

बायका पलीकडे गोल करून कणकेचे गोळे वळत होत्या. सुवर्णाबाईंच्या मांडीवर गुरुजींची वही होती, शेवटचं पान उघडं, आणि त्या काही लिहून घेत होत्या. आपल्या वहीला हात लागलेला गुरुजींना खपायचा नाही. ते मागून गेले आणि वाकून पाहू लागले.

सोमवार, विमलबाई. वांगं नको, अंगाला खाज येते. मंगळवार, सत्यभामाबाई. भाकर मऊ, डावी दाढ दुखते. बुधवार, ज्ञानेश्वरची बायको. वरणात गूळ घातला तर जेवत नाहीत, पण सांगणार नाहीत.

शनिवारपर्यंत पान भरलं होतं. खाली वेगळं लिहिलं होतं: संध्याकाळी कोणीतरी जाऊन बसा, तेव्हा त्यांना एकटं वाटते.

गुरुजींनी विचारलं, हे काय चाललं.

"तुमचे डबे ठरवून राह्यली," सुवर्णाबाई वर न पाहता म्हणाल्या. "या साऱ्याईले मीच बोलावलं. घरी ठरवलं असतं तर तुम्ही नाही म्हणले असते."

म्हणजे ज्ञानेश्वर बिचारा फुकट बदनाम झाला होता. पण गुरुजींचं तिकडे लक्ष नव्हतं. चार महिने हे पान त्या बाईच्या मनात भरत होतं, आणि आपण पेपर वाचत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. डोळे भरून आले. समोर अख्खी गल्ली बसली होती, बसू दे.

"मले डबे नाही पाहिजेत," ते म्हणाले. "तू पाहिजे. तू घंटाभर बाहेर गेली तरी मले करमत नाही. तेव्हा मी रागात खोटं बोललो. माझं सारंच अडते, सुवर्णा."

उत्तमरावांनी हातातली काडी आरात खुपसली आणि ते उगाच गोवऱ्या सारू लागले. सत्यभामाबाईंनी वळलेला गोळा पुन्हा वळायला घेतला.

सुवर्णाबाईंनी वही मिटली. पदराच्या टोकाने नाक पुसलं, आणि मग त्या चिडल्या.

"हे घरी बोलले असते तर मी ती पिशवी भरून वांगी काऊन आणली असती? समताच्या घरी जागा नाही, हे तुम्हीच ठरवलं. पोरगी कधी नाही म्हणली? रोज रात्री विचारते, बाबा काऊन येत नाहीत. मी काय सांगू तिले? तुझ्या बाबाचं काही अडत नाही म्हणून?"

उत्तमरावांनी हळूच खिशातून मोबाईल काढला आणि बुधवारच्या गाडीला जागा दिसते का ते पाहू लागले. विमलबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं जरा पाण्याकडे जा, आम्ही पाहतो इथलं, आणि आमच्यातलं कोणी आता तिकडे येणार नाही.

मग ते दोघं ओढ्याकडे गेले. खडकावर बसले. थंड वाऱ्याने सुवर्णाबाईंचा पदर उडत होता, त्या तो सावरत नव्हत्या. गुरुजींना वाटलं, झालं एकदाचं, सुटलो.

"आता म्हणा," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मघाशी म्हणले ते. ते गल्लीनं ऐकलं. माह्यासाठी म्हणा."

गुरुजींनी मागे वळून पाहिलं. अकराच्या अकरा जणांनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

त्यांनी घसा साफ केला नाही. तसंच म्हणाले.