चार ओमचा ठेका

मित्रांनो, मी एका पिकअप गाडीतला जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गाडीच्या रेडिओतून गाणं निघतं तेव्हा ते फार अशक्त असतं. त्याला बळ देऊन मोठ्या स्पीकरपर्यंत पोचवणं हे माझं काम. त्यातही माझ्या वाट्याला फक्त खर्जातला आवाज येतो, ढोलासारखा. कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवणारा.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पोटाशी एक पट्टी चिकटवली होती: ‘दोन ओमपेक्षा कमी भार जोडू नये.’ ओम म्हणजे अडथळ्याचं माप. स्पीकरच्या तारेत विजेला अडथळा असला, की मला उसंत मिळते. अडथळा कमी झाला, की वीज धो धो वाहू लागते आणि मी तापतो. दोन ओमपर्यंत मी निभावून नेतो. त्याखाली माझं काही चालत नाही.

माझ्या पहिल्या मालकानं मला सहा वर्षं लाडानं पुसलं. मग त्यानं मला काढून गाडी विकली आणि मी सान अँटोनिओ शहराच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या पान्यांच्या ढिगात उताणा पडलो. दोन उन्हाळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथून मला उचललं ते ग्रासिएलानं.

ग्रासिएला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची आणि समोरच्याचे ओठ वाचायची. तिच्या भावाची, रोहेलिओची, मुलगी हिमेना त्या जूनमध्ये पंधरा वर्षांची होणार होती. त्यांच्याकडे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा लग्नासारखा दणक्यात होतो. मुलगी पहिला नाच वडिलांबरोबर नाचते. हिमेनानं मात्र आधीच जाहीर केलं होतं, “बाबांच्या नंतर मी आत्याबरोबर नाचणार. बाकीचे रांगेत थांबा.”

ग्रासिएला पायांनी ऐकायची. लाकडी फळ्यांवर अनवाणी उभं राहिलं, की खर्जाचा ठेका तिच्या तळव्यांतून वर चढायचा. म्हणून तर तिनं मला आणून आपल्या पिकअपमध्ये बसवलं होतं.

रोहेलिओनं हौसेनं दोन मोठे स्पीकर आणले. एकेका स्पीकरमध्ये तारेची दोन वेटोळी होती, प्रत्येक वेटोळं चार ओमचं. रोहेलिओनं चारही वेटोळी शेजारीशेजारी जोडून टाकली. विजेला एकदम चार वाटा मोकळ्या झाल्या आणि माझ्यासमोर उरला फक्त एक ओम.

अंगणात गाडीशेजारी फळ्या टाकून तालीम सुरू झाली. गाणं लागलं तशी खिडक्यांची तावदानं थरथरली.

“काय दणका आहे!” शेजारचा तोन्यो ओरडला. “पलीकडच्या गल्लीतली कुत्रीपण नाचायला लागली!”

सगळ्यांनी वाहवा केली. आतून माझा जीव चालला होता. अर्ध्या गाण्यावर माझा लाल दिवा लागला आणि मी बंद पडलो. बाकीच्यांना रेडिओतलं बारीक गाणं ऐकू येत होतं. ग्रासिएलाच्या पायांखालचा ठेका मात्र गेला. ती चार पावलं तशीच नाचली, मग चुकली आणि तिचा पाय हिमेनाच्या पायावर पडला. कडेची पोरं फिदीफिदी हसली.

“खटारा आहे तो,” रोहेलिओ चिडला. “फेकून दे. नवा आणतो.”

ग्रासिएलानं माझ्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. “हा तापलाय,” तिनं खुणेनं सांगितलं. “तुझी जोडणी चुकली असेल.”

“अगं, वीस वर्षं हेच करतोय मी! तुला ऐकूसुद्धा येत नाही, तुला यातलं काय कळणार?”

“बाबा!” हिमेना किंचाळली.

ग्रासिएलानं भाजलेली बोटं त्याच्यासमोर धरली. मग ती हातांनी सावकाश म्हणाली, “ऐकू येत नाही. पण चटका बसलेला कळतो.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती ओम मोजायचा मीटर घेऊन माझ्यापाशी बसू लागली. तिनं माझी पट्टी धूळ पुसून वाचली. एकेक वेटोळं सोडवून मोजलं. सीटचे नमुने कापायच्या जाड कागदावर आकृत्या काढल्या, खोडल्या, पुन्हा काढल्या. दोन ओम काही केल्या जमेनात. चार वेटोळ्यांवर भार सारखा वाटायचा तर एक ओम होत होता, नाहीतर चार किंवा सोळा. शेवटी तिनं एका स्पीकरची दोन्ही वेटोळी एकापुढे एक जोडली, ते आठ ओम झाले. दुसऱ्याचे तसेच आठ. मग ते दोन आठ शेजारीशेजारी जोडले. चार.

“चार?” रोहेलिओनं कपाळावर हात मारला. “आवाज पार बसेल गं! लोक म्हणतील, वरातीला घोडा आणला आणि तोही लाकडी!”

“लोकांना बहिरं करायचं नाहीये मला. घरात मी एकटी पुरे.” तिनं त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला. “मला ठेका हवाय. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत.”

स्पीकरचं खोकं तिनं गाडीतून उतरवून थेट फळ्यांवर ठेवलं. मग तेच गाणं लागोपाठ आठ वेळा वाजवलं. मी कोमट झालो, एवढंच.

सोहळ्याच्या दिवशी अंगण माणसांनी फुललं होतं. बापलेकीचा नाच झाला आणि ग्रासिएला चपला काढून फळ्यांवर आली. गाणं सुरू झालं. मी जीव ओतून, पण धाप न लागू देता, एकेक ठोका तिच्या पायांपर्यंत पोचवू लागलो.

“अरे, वाढवा की आवाज!” तोन्यो माझ्याकडे आला आणि त्यानं बटणाकडे हात नेला.

रोहेलिओनं त्याचं मनगट धरलं. “हात लावायचा नाही. माझी बहीण नाचतेय.”

एकही पाऊल चुकलं नाही. शेवटच्या ठोक्याला हिमेनानं गिरकी घेतली, आत्यानं तिला अलगद झेललं आणि दोघी हसत सुटल्या. पाहुण्यांनी दोन्ही हात वर करून हवेत हलवले. ग्रासिएलाला दिसणारी टाळी ती.

पुढचं गाणं लागलं. रोहेलिओ खाली बसला, बूट काढले, मोजे काढले आणि फळ्यांवर जाऊन उभा राहिला. त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा बहीण समोर होती. “माझं चुकलं,” त्यानं खुणेनं सांगितलं. तिनं त्याचा हात ओढला आणि त्याला नाचायला घेतलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र मधेच बंद पडलं, तर त्याला लगेच खटारा म्हणू नका. ते किती पेलू शकतं आणि तुम्ही त्याला किती जोडलंय, हे आधी मोजा. कितीतरी वेळा त्याचं काहीच बिघडलेलं नसतं. कुणीतरी हौसेपोटी त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त भार टाकलेला असतो.