रत्नाबाईंचा दम

मी चालायचा पट्टा बोलतोय. लोक मला ट्रेडमिल म्हणतात. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी उभा आहे. ज्यांचं हृदय थकलंय त्यांना डॉक्टर माझ्यावर चालवतात आणि दम किती उरलाय ते बघतात.

कारखान्यात असताना वाटायचं, आपण व्यायामशाळेत जाणार, तरणीताठी पोरं आपल्या अंगावर घाम गाळणार. नशिबी आली दमलेली माणसं. त्यातही हट्टी! घरी दोन पायऱ्यांत धापा टाकणारा गडी इथं बायको बघतेय म्हणून छाती काढून चालतो. तोंडाला श्वास मोजायचा मास्क, अंगाला तारा, तरी अंगठा वर. मला राग येतो. अरे बाबा, इथं कुणाला हरवायचंय?

रत्नाबाई तशा नव्हत्या. हुपरीकडच्या जैन शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. सून रुचिता त्यांना हाताला धरून आणायची. बाहुबलीच्या डोंगरावर एकदा आपल्या पायांनी चढून जायचं, एवढाच त्यांना ध्यास. माझा चढ वाढला की मास्कच्या आतून म्हणायच्या, "आली बघ पायरी." मला त्या फार आवडायच्या.

पण दर खेपेला त्या लवकर थांबायला लागल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

"आक्का, गोळ्या घेता ना?"

"घेते की. रोज सकाळी, न चुकता."

डॉक्टर मान डोलवायचे आणि गोळीची ताकद वाढवायचे.

शेवटच्या खेपेला त्यांचे पाय सुजले होते. मी अगदी हळू फिरत होतो, तरी त्यांनी दांडी गच्च धरली आणि मान हलवली. डॉक्टरांनी मला थांबवलं. डॉक्टर रुचिताकडं वळले. "गोळ्या दोन वेळच्या आहेत. सकाळची घेतात, रात्रीची देता ना?"

रुचिता चाचरली. "आत्ती रात्रीची घेत न्हाईत, डॉक्टर. दिवस मावळला की त्यास्नी पाणीबी चालत न्हाई. नेम हाय त्यांचा."

डॉक्टर म्हणाले, "अहो, मग दिवस मावळायच्या आत घ्यायची! चाललं असतं की."

"तुमी रात्री म्हणालासा," रत्नाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मग सोडूनच दिली मी." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आता घेतली तर डोंगूर चढवंल काय?"

डॉक्टरांनी कागदावरचं 'रात्री' खोडलं आणि 'दिवस मावळायच्या आत' लिहिलं. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

त्या परत आल्या नाहीत. रुचिता एकदा त्यांच्या माघारी उरलेल्या गोळ्या घेऊन आली, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाली. आता डॉक्टर प्रत्येकाला विचारतात, तुमच्यात रात्रीचं खाणंपिणं चालतं का? ऐकून बरं वाटतं, आणि वाईटही.

माझा पट्टा आता झिजलाय, कुरकुरतो. भंगारात जाण्याआधी एवढंच मागतो. नेम पाळा, पण डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ बदलता येते. गेलेला दम मला परत देता येत नाही.