देवीची काख

चोझोमने खोडरबर बोटाने ढकलत ढकलत बाकाच्या पार टोकाला नेला.

“तिसऱ्यांदा सांगतोय,” मास्तर फुन्छोक म्हणाले. “भूगोलाच्या नकाशात बाई कशाला?”

“बाई नाही, गेन-ला. देवी आहे, दोर्जे फाग्मो.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मास्तर गेल्याच महिन्यात वरच्या पठारावरून आले होते, जिथे औषधालाही झाड नाही. पेमाकोची दरी म्हणजे आडवी पहुडलेली देवी, नदी तिचा कणा आणि जंगल तिचे केस, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते मठात, गोम्पात ठीक. नकाशाला उत्तर दिशा हवी, प्रमाण हवं, नाहीतर तो जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार नाही.

“प्रमाण आहे की. एक वीत म्हणजे चार चहाचे थांबे.”

पुन्हा हशा. चोझोमला प्रदर्शनात जायचं होतं, अगदी जिवापाड. तिथल्या भिंतीवर तिच्या यांगसा गावाचं नाव आजवर एकदाही लागलं नव्हतं. पण तिचे वडील यात्रेकरूंचे वाटाडे. ही दरी ती त्यांच्या पाठीवर बसून शिकली होती.

“नाही गेला तरी चालेल,” ती म्हणाली. “पुसणार नाही.”

शुक्रवारी सकाळी दरड कोसळली आणि रस्ता नदीत गेला. बाकीच्या मुलांच्या नकाशांच्या गुंडाळ्या पाठीवर बांधून मास्तर तिच्या अंगणात आले. वडील यात्रेकरूंबरोबर गेलेले. मास्तरांनी छापील नकाशा उघडला. पायवाट असायला हवी तिथे नुसता हिरवा रंग.

“जिल्ह्याला पायी कसं जायचं?”

“डाव्या काखेतून.”

“म्हणजे पूर्वेकडून?”

“काख म्हणजे काख, गेन-ला. खांद्यावर चढलात तर कडा आहे. कमरेकडे उतरलात तर जळवा नुसत्या. गळ्यापाशी बोलायचं नाही.”

मास्तरांनी छापील नकाशा मिटला. मग त्यांनी हात पुढे केला.

ती घरातून आपला नकाशा घेऊन आली. पण देण्याआधी उंबऱ्यावर बसली आणि खालच्या कोपऱ्यात शाईने, सावकाश, नाव लिहिलं. मग इयत्ता. मग गाव.

मास्तरांनी ते वाचलं. कागदाची घडी घालून खिशात टाकणार, तेवढ्यात थांबले. मधोमध पडू लागलेली रेघ अंगठ्याने सपाट केली, आणि कागद गुंडाळून हातात धरला.