सोबती असेल त्याच्याकडे पाहुणा येत नाही

आमच्याकडे बर्फ ऐन उन्हाळ्यात पडतो. म्हणजे पाडावा लागतो. बाहेर डांबर मऊ झालेलं असतं, ऑफिसातला एसी नावापुरता चालू असतो आणि मी मानेला चिकटलेले केस वर बांधून चित्रकाराशी हुज्जत घालत असते, की छपरावरचा बर्फ साबणाच्या फेसासारखा दिसतोय, जरा जड कर. आम्ही एक ऑनलाइन खेळ चालवतो. त्यात जादूगार आहेत, ड्रॅगन आहेत, आणि असंख्य माणसं घरबसल्या एकमेकांच्या अंगावर तलवारी घेऊन धावत असतात. त्यातलं मी काहीच बघत नाही. माझं काम सण करणं. वसंतात फुलांची जत्रा, पुढे कंदिलांचा मेळा, वर्ष सरताना हिवाळी सण. लोकांना सुट्टी लागते तेव्हा माझे सण सुरू होतात, आणि सण सुरू असताना काही बिघडलं तर बघायला मी लागते. त्यामुळे खऱ्या सुट्टीत मी घरी गेल्याचं कुणाला आठवत नाही. मलाही नाही. मावशी तर अजून सगळ्यांना सांगते की पोरगी सुट्टीत खेळत बसते, आणि तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आलेत.

यंदाच्या हिवाळी सणाची कल्पना साधी होती. खेळात प्रत्येकाला एक छोटं घर असतं. सणाच्या दिवसांत संध्याकाळी घरात टेबल मांडायचं, दोन ताटं ठेवायची आणि आपल्या सोबत्याला जेवायला बोलवायचं. सोबती म्हणजे खेळात ज्याच्याशी तुम्ही जोडी बांधलीत तो. तो आला, बसला, की दोघांना बक्षीस. साहेब खूश झाले, कारण एकाच्या ओढीने दुसरा खेळात येणार. मग मी विचारलं, ज्याला सोबतीच नाही त्याचं काय? साहेब म्हणाले, त्याने शोधावा. मला एकदम राग आला. सोबती शोधून मिळत असते तर निम्मं जग आमच्या खेळात कशाला येऊन बसलं असतं, असं मी बोलून गेले. साहेबांनी मान हलवली, मूग गिळले, आणि मला हवं ते दिलं: ज्याने जोडी बांधलेली नाही, त्याच्या दारावर एक म्हातारा वाटसरू टकटक करेल. कंदील खाली ठेवेल, टेबलाशी बसेल, दोन गोष्टी बोलेल आणि जाईल. तो आम्ही चालवायचा नाही, तो आपोआप चालणार. त्याची वाक्यं मीच लिहिली. 'बाहेर फार गारठा आहे.' 'तुमच्याकडे किती उबदार आहे.' त्याला पाठीत थोडा बाकही मी मागून घेतला. चित्रकार म्हणाला, एका पाहुण्यासाठी तू इतकी माझ्या जिवावर का उठलीस? मी म्हटलं, तू तुझा बर्फ बघ.

बाबा हा खेळ खेळतात. आई गेल्यावर मीच त्यांना त्यात ओढलं. दुकान बंद केलेलं, घड्याळं दुरुस्त करणारे हात रिकामे, दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायची. म्हटलं, माझं काम तरी बघा. लोक आपल्या पात्राला 'काळा गरुड', 'वादळाचा मुलगा' अशी नावं देतात. बाबांना काही सुचेना, म्हणून त्यांनी 'मी' लिहिलं. ते नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं, तेव्हा चिडून त्यांनी 'मीच' लिहिलं. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून मीही एक पात्र केलं आणि आमची जोडी बांधून टाकली, कारण जोडी बांधली की नवख्याला घोडा फुकट मिळतो. त्यांचा घोडा आला. माझं पात्र गावाच्या वेशीवर सोडून मी निघून आले, आणि ते आजवर तिथेच उभं आहे. बाबांना ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला तर मुळीच आठवत नव्हतं.

दर वर्षी सुट्टीच्या आधी बाबांचा फोन येतो. येणार का, असं थेट विचारत नाहीत. खोली आवरून ठेवू का, असं विचारतात. यंदा तेही विचारलं नाही. म्हणाले, मी आत्याकडे चाललोय, ती कधीची मागे लागली आहे, तुझी तू कामं कर. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी लगेच आत्यासाठी शाल पाठवते म्हणाले, तर बाबांनी घाईघाईने नको म्हटलं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सण सुरू झाला आणि ऑफिस रिकामं झालं. आमच्या मजल्यावर मी, माझ्या डोक्यावरची दिव्यांची एक रांग आणि कॉफीचं मशीन. कँटीनला कुलूप. खुर्च्यांच्या पाठींवर लोकांची जाकिटं तशीच लटकलेली, जणू माणसं सालीतून निघून गेलीत. खिडकीखालच्या रस्त्यावर कुटुंबंच्या कुटुंबं हातात पिशव्या घेऊन चालली होती, आणि एका लहान मुलीला तिचा बाप खांद्यावर बसवून नेत होता. मी बघत उभी राहिले ती कॉफी गार होईपर्यंत. एकटेपणाचं मला कौतुक नाही. काही लोक त्याच्यावर प्रेम करतात म्हणे. मला तो दातदुखीसारखा वाटतो, कामात असलं की विसरायला होतं, इतकंच.

दुपारी तक्रारी बघायला घेतल्या. ताट हवेत तरंगतंय. घोडा टेबलावर चढलाय. नेहमीचं. मग एक आली: 'रोज संध्याकाळी टेबल मांडतो. दोन ताटं ठेवतो. पाहुणा येत नाही. शेजारच्या घरी येतो. माझं काही चुकत असेल तर कळवावे.' खाली नाव होतं, 'मीच'.

आत्याकडे माणूस रोज संध्याकाळी आपलं टेबल मांडत नाही.

मी चष्म्याला फोन लावला. चष्मा म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. तो सासुरवाडीला होता, मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मी कुणाची तक्रार ते सांगितलं नाही, फक्त घर कुठलं ते सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला, थोडा वेळ कीबोर्ड बडवला.

"ताई, यात बिघाड नाहीये," तो म्हणाला. "या माणसाला सोबती आहे. सोबती असला की पाहुणा जात नाही. तूच तसं लिहून घेतलंयस."

"मग सोबती का येत नाही?"

"ते मला कसं कळणार? पहिल्या दिवशी जोडी बांधून जी गेलीय, ती पुन्हा फिरकलेलीच नाही. अशांचा विचार आपण केलाच नाही गं. आपण धरून चाललो, की सोबती आहे म्हणजे माणूस एकटा नाही."

नियम बदलता येईल का, असं मी विचारलं. सण चालू असताना काहीही बदलायचं नाही, हे मला माहीत होतं, तरी विचारलं. त्याने हात वर केले. मग म्हणाला, एक सोपा उपाय आहे. त्या सोबतीणबाईंनी जोडी तोडावी. एक बटण दाबायचं. आज तोडली तर आज संध्याकाळी पाहुणा दारात. सांग तिला, असं म्हणून तो जेवायला गेला.

मी माझं पात्र उघडलं. वेशीवर उभं होतं, डोक्यावर बर्फ साठलेला. जोडी तोडण्याचं बटण लाल असतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मी त्यावर बोट नेलं आणि माझ्याच्याने ते दाबवेना. तिथून चालत बाबांच्या घरी जावं, तर वाटेत जंगल आणि जंगलात लांडगे, तेही सणासाठी मीच सोडलेले. माझ्या त्या उघड्याबोडक्या पात्राचा पहिल्याच वळणावर फडशा पडला असता. पण खरं सांगायचं तर लांडग्यांचं निमित्त होतं. ते पात्र दारात गेलं असतं, तर बाबांनी विचारलं असतं, इतके दिवस कुठे होतीस?

तिसरा मार्ग आमच्या लोकांनाच ठाऊक असतो. चाचणीसाठी आम्हाला खेळातलं कुठलंही आपोआप चालणारं पात्र हातात घेऊन चालवता येतं. संध्याकाळ झाली तसं मी वाटसरूला उचललं, बाबांच्या दारात ठेवलं आणि टकटक केली.

घर मी पहिल्यांदाच बघत होते. बाबांनी भिंतीवर घड्याळं लावली होती, खेळात मिळतील तेवढी सगळी. टेबलावर दोन ताटं. 'मीच' उठला आणि त्याने दार उघडलं.

मी कंदील ठेवला, बसले, पहिलं वाक्य पाठवलं. बाहेर फार गारठा आहे. बाबा एका बोटाने टाइप करतात. अक्षरं थांबत थांबत उमटायला लागली.

'या. तक्रार केली तेव्हा आलात.'

मी दुसरं वाक्य पाठवलं.

'तुम्हाला माझं बोलणं कळत नाही ते मला माहीत आहे. मशीन आहात. म्हणून बरं वाटतं. हे सगळं माझी मुलगी करते. तुम्हालाही तिनेच केलं असेल. यंदा मी तिला घरी ये म्हणालो नाही. नाही म्हणताना तिचा आवाज बारीक होतो, मला ऐकवत नाही. म्हणून सांगितलं आत्याकडे चाललो. तिच्या आत्याशी माझं गेल्या वर्षापासून बोलणं नाही.'

मग, 'ती माझी सोबती आहे यात. ती येईल म्हणून दुसरं ताट ठेवायचो. नंतर म्हटलं, पाहुणा तरी.'

मला रडू आलं. रिकाम्या ऑफिसात मोठ्याने रडायचीही चोरी नसते. नाक पुसलं आणि बाबांना फोन लावला. वाजला, उचलला.

"बोल गं," बाबा म्हणाले. आवाज अगदी खणखणीत. "आत्याकडे आहे. मजेत. खूप माणसं आलीत इथे. तू कामात असशील ना, ठेवू?"

पडद्यावर 'मीच' माझ्यासमोर बसून होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्यासमोर बसलाय ना पाहुणा, ती मी आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, "ते मी तुला नव्हतं सांगितलं. त्याला सांगितलं होतं."

"माहीत आहे, बाबा."

"मग ते तू धरायचं नाहीस."

मी हो म्हटलं. खरंच येते, उद्याच निघते, असं तोंडावर आलं होतं, पण उद्याही तक्रारी येणार होत्या आणि त्या बघायला मीच होते. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी विचारलंच नाही.

"आलीच आहेस तर जेवून जा," ते म्हणाले.

'मीच' उठला, दुसरं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि परत जाऊन बसला. जेवताना हात हलतो, घास तोंडाशी जातो, असलं काही आम्ही केलंच नव्हतं, वेळ पुरला नव्हता. त्यामुळे पाहुणा ताटासमोर नुसता बसून राहिला, आणि मीही फोन कानाला लावून बसून राहिले.

"घे ना," बाबा म्हणाले. "थंड होईल."