चादरीतला दगड

वडील शिळाछापाचे कारागीर. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्याच्या प्रती छापायच्या आणि मग वाळू-पाणी टाकून तोच दगड घासून पुन्हा कोरा करायचा, यातच त्यांचा जन्म गेला. ताई त्यांच्या हाताखाली शिकली. धाकट्या भावाने मात्र कधी बोटाला शाई लागू दिली नाही. पण वडील गेले, त्यांच्या नावाने प्रतिष्ठान निघालं, पुरस्कार ठरला आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसला कोण, तर हा. आयत्या बिळावर नागोबा!

बसेना का. ताईला हवा होता फक्त एक दगड. आई गेली त्या वर्षी वडिलांनी त्यावर तिचा चेहरा काढला होता. एकच प्रत छापली, ती पुढे वाळवीने खाल्ली. आईचा फोटो घरात नव्हताच. तो दगड तेवढा वडिलांनी कधी घासला नाही. ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो चढवणं शक्य नव्हतं, म्हणून वडिलांचा कारखाना प्रतिष्ठानला देताना तिने भावाला दहादा बजावलं होतं, "चादरीत गुंडाळलेल्या दगडाला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"एवढंही कळत नाही का मला?" तो म्हणाला होता.

समारंभाच्या दिवशी पुरस्काराचं चित्र भिंतीवर लागलं. बंदरातली क्रेन, आणि तिच्यामागे एका बाईचा पुसट चेहरा. "हा चेहरा म्हणजे या चित्राचा प्राण आहे," परीक्षक माइकवर सांगत होते. ताईने हनुवटीवरचा तीळ पाहिला आणि आईला ओळखलं. क्रेनचा हुक नेमका आईच्या ओठांतून गेला होता.

विजेता बिचारा सरळ माणूस. "ती आपोआप उमटली हो," तो म्हणाला. "प्रतिष्ठानने दिलेला दगड घासायला मी कमी पडलो. चित्र बादच करणार होतो."

ताईने भावाला कोपऱ्यात गाठलं.

"अगं, स्पर्धकांना दगड कमी पडले," तो म्हणाला. "आणि एका अर्थी पुरस्कार आईलाच मिळाला की! एक प्रत घरी घेऊन जा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिच्या तोंडात हुक आहे, मेल्या. तो रोज बघू?"

"हळू बोल. पाहुणे आलेत, तमाशा नको."

आणखी प्रती निघू नयेत म्हणून पुरस्काराच्या चित्राचा दगड सगळ्यांसमोर घासायचा, असा प्रतिष्ठानचा नियम होता. दगड मंचावर आला. भावाने माइक घेतला. "पहिला हात आमच्या ताईचा!"

टाळ्या पडल्या. नुसता हात लावून फोटो काढायचा होता, पण ताईने पदर खोचला आणि घासायला घेतलं. वाळू, पाणी, परत वाळू. टाळ्या थांबल्या, लोक घड्याळं बघायला लागले. तिचे डोळे वाहत होते, पण हात थांबेना.

भाऊ वाकून पुटपुटला, "पुरे गं, झालं की आता."

"अर्धवट घासलं तर परत कुणाच्या तरी चित्रात येईल ती," ताई म्हणाली. "पाणी ओत."